चारचौघांत कारण

धुळे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. कोकिळाअक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. नरडाण्याच्या कारखान्यात पाळ्यांचा तक्ता आता माझ्या हातात आला आहे. ज्याच्या घरी अडचण, त्याला सकाळची पाळी, असं साहेबांनी ठरवलं. पण अडचण कोणाची खरी हे कसं कळावं? मी युक्ती काढली. काल सगळ्यांना बोलावलं आणि ज्याने त्याने आपलं कारण चारचौघांत उभं राहून सांगायचं, असं ठरवलं. पंडितने मुलीची शाळा सांगितली, रतिलालने वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन. दोघांनाही सकाळ दिली. वशिला नाही, कुरबुर नाही.

आपल्या वच्छलामावशीचा स्वप्नीलही माझ्याच हाताखाली आहे. त्यानेही अर्ज दिला होता, पण बोलायची वेळ आली तेव्हा खाली मान घालून बसला. मग दिली दुपारी तीन ते रात्री अकरा. मावसभाऊ म्हणून गय केली नाही, याचं साहेबांनी कौतुक केलं. लहानपणी मला भित्रा म्हणायचीस, आता बोल!

दाजींना नमस्कार. लोभ आहे तितका राहू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझा,
योगेंद्र

जळगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. योगेंद्र यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून काही तरी खटकलं, म्हणून सोनगीरला मावशीकडे जाऊन आले. स्वप्नील फोनवर ‘बठ्ठं बरं शे’ म्हणायचा आणि सगळं बरं आहे, एवढं मला पुरायचं. सात महिने मी तिकडे फिरकले नव्हते, त्याची लाज वाटते, ते आधी सांगते.

मावशीला आता कोणी ओळखू येत नाही. कपड्यात होतं, तेही कळत नाही. स्वप्नीलच तिला धुतो, न्हाऊ घालतो, लुगडं नेसवतो. दिवसा शेजारच्या सुमनबाई बसतात, पण दिवेलागणीला त्यांना त्यांचं घर आहे. तेवढ्यासाठी त्याला सकाळची पाळी हवी होती. गेल्या गुरुवारी सुमनबाई घरी गेल्या आणि मावशी एकटीच हायवेवर पोचली, भरलेल्या लुगड्यानिशी. ट्रक थांबले, माणसं जमली, कोणी मोबाइलवर फोटो काढले. उभ्या जन्मात जिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिची ही दशा. पुन्हा अशी गेली तर जिवंत सापडेल की नाही, सांगता येत नाही.

आईची ही गोष्ट चाळीस पुरुषांपुढे उभं राहून कोणता मुलगा सांगेल रे? आपली आई गेल्यावर तुला जेवू घालून झोपवणारी तीच ना? तुला कळवणार नाही, अशी स्वप्नीलने माझ्याकडून शपथ घेतली होती. ती मी मोडली.

रागावले आहे, तरी माया आटलेली नाही, हे समजून वाग.

तुझी,
अक्का

धुळे,
४ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तोंड कुठे लपवू, असं झालं आहे. स्वप्नीलला सकाळची पाळी देतो म्हणालो, तर म्हणाला, एकट्याला नको दादा, त्या दिवशी झुलालही बोलला नव्हता. मग ते उभं करणं बंद केलं. आता नुसती चिठ्ठी द्यायची, कारण लिहायचं नाही. नऊ चिठ्ठ्या आल्या, सगळ्या त्या दिवशी गप्प बसलेल्यांच्या. पाळ्या फिरवून त्यांची सोय लावली. स्वप्नील आता संध्याकाळी घरी असतो.

काल सकाळी सुमनबाई लग्नाला जाणार होत्या. स्वप्नीलचा खाडा होऊ नये म्हणून पहाटेच मी सोनगीरला गेलो. तो कामाला निघाला आणि थोड्या वेळात मावशीचं लुगडं भरलं. आधी मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. मग आत गेलो. तिने परक्यासमोर चोरावं तसं अंग चोरलं आणि रडली. तरी तिला धुतलं, दुसरं लुगडं नेसवलं. दुपारी सुमनबाई परतल्या, तेव्हा मी कारखान्यात पोचलो.

साहेबांनी सगळ्यांसमोरच विचारलं, उशीर का. सगळे माझ्याकडे बघत होते. अक्का, मावशीला धूत होतो, हे माझ्या तोंडून निघालं नाही. गाडी पंक्चर झाली म्हणालो. साहेबांना ते पटलेलं दिसेना. तेव्हा मागून स्वप्नीलच म्हणाला, की हो साहेब, दादांचा मला तसा फोन आला होता.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
योगेंद्र