रिकाम्या खाटेचं टेंपरेचर

मेट्रनबाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुम्हाला घाबरते, हे आधीच सांगून टाकते. बाकी कुणाला घाबरत नाही. इथे दोह्यात, फरीज बिन ओमरान या वस्तीत, एका मोठ्या व्हिलात आमचं नर्सिंग होम आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं, इथे तसं नाही. वीस खाटा आणि वीसही जणं म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. आईबापांना असं बाहेर ठेवणं इथल्या लोकांना मुळीच आवडत नाही. नळीनं भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे घरच्यांच्या हाताबाहेर गेलं की मगच आणतात, आणि मुली रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसतात. नर्सिंग इन्चार्ज मी. लायसन्सच्या कागदावर मालकांच्या खाली माझं नाव आहे आणि ते मी मिरवतेसुद्धा.

तुमच्या नाशिकच्या वॉर्डात मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची दुपार आठवते. दोन वाजता सगळ्यांचा ताप आणि नाडी घ्यायची. मी टेबलाशी बसून सगळ्यांचे आकडे एका दमात लिहून काढलेत, कारण कंटाळा आलाय आणि काल होते तेवढेच आजही असणार. तुम्ही येता, चार्ट बघता, आणि अगदी मऊ आवाजात विचारता, "अकरा नंबरचं टेंपरेचर तू घेतलंस?" मी म्हणते, हो बाई. "चल, परत घेऊन दाखव." अकरा नंबरची आजी बारा वाजताच मुलाबरोबर घरी गेलेली. गादी गुंडाळून ठेवलेली. तुम्ही माझ्या हातात थर्मामीटर देता. "घे. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा होतं ना? बघू दे गादीला अजून तेवढंच आहे का." अख्खा वॉर्ड हसला होता. पाच मिनिटं मी त्या खाटेपाशी थर्मामीटर धरून उभी, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग तुम्ही मला तुमच्या क्वार्टरवर नेलंत. स्वयंपाकघरात पाटावर बसवून गरम पिठलं-भाकरी वाढलीत, कारण रडून रडून मी जेवले नव्हते. तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणालात, "केलं नाहीस तर कोरं ठेव. कोरं दिसलं की कुणीतरी विचारतं. भरलेलं दिसलं की कुणी बघतच नाही." तेव्हा माझं लक्ष पिठल्याकडेच जास्त होतं, खोटं कशाला बोलू.

आमचे जुने मालक स्वतः डॉक्टर होते. रोज सकाळी येऊन पेशंटच्या पाठी बघायचे. त्यांनी होम विकलं त्याला आता दोन वर्षं होतील. नवे मालक दोघे भाऊ, त्यांची शहरात दोन क्लिनिकं आहेत. रमजानात खजुराचे डबे घेऊन येतात, रिसेप्शनच्या फरश्या बघून खूश होतात आणि जातात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुपारच्या पाळीला चार केअरगिव्हर असायच्या, आपल्याकडच्या वॉर्डातल्या मावशींसारख्या. दोघी सोडून गेल्या, जागा भरल्याच नाहीत. मॅनेजरला विचारलं की एकच उत्तर, "इन्शाल्ला, सिस्टर, पुढच्या महिन्यात." माणूस गोड आहे हो, पण त्याचा पुढचा महिना काही उजाडेना.

दोनेक महिन्यांपूर्वी सरकारी तपासणीचं पत्र आलं म्हणून मी चार्ट काढून बसले. यम्मांचा चार्ट हातात आला. यम्मा म्हणजे आई, सात नंबरच्या आजींना आम्ही सगळे तसंच म्हणतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना बोलता येत नाही, आणि एकाच कुशीवर पडून पडून पाठीला झालेली बेडसोरची जखम अजून भरलेली नाही. घड्याळात अडीच वाजलेले, आणि चार्टवर चार वाजता डावी कूस, सहा वाजता उताणी, आठला उजवी, सगळं सहीनिशी भरलेलं! माझं डोकंच फिरलं. ड्यूटीवरच्या नेपाळी केअरगिव्हरला बोलावून मी फाडफाड बोलले. ती मुलगी रडली नाही की घाबरली नाही. म्हणाली, "दीदी, हम दो जन हैं, पेशंट बीस। पलटें या लिखें?"

त्या दुपारी मी तिच्याबरोबर फिरले, एकेकाची कूस बदलली, चादरी ओढल्या, उशा लावल्या. एक फेरी पुरी व्हायला तीन तास लागले. म्हणजे पहिल्या माणसापाशी परत यायलाच एक तास उशीर. बाई, खोटं लिहिणारीला खाटेपाशी उभं करणं सोपं होतं. इथे तिला हाताशी माणसं द्यायची होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. मग मी सगळ्यांना सांगितलं की झालं तेवढंच लिहायचं, राहिलं ते कोरं. पंधरा दिवसांत चार्टांची चाळण झाली.

मॅनेजरने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर, तपासणीच्या तोंडावर हे काय? भरून टाका ना, खलास!" वर एक ड्यूटी लिस्ट पुढे केली. तीत मालकांच्या क्लिनिकमधल्या चार मुलींची नावं. तपासणीच्या दिवशी आमचा युनिफॉर्म घालून त्या इथे उभ्या राहणार, मी फक्त सही करायची. "सगळीकडे असंच चालतं. आणि सिस्टर, तुमचा व्हिसा आमच्याकडे, तुमच्या मिस्टरांचं मेसईदचं प्रोजेक्ट संपत आलंय ना?" चहा विचारावा इतक्या प्रेमाने त्याने हे विचारलं. धाकटी बारावीला आहे, नवऱ्याचं पुढचं काही ठरलेलं नाही, आणि नोकरी गेली तर चंबूगबाळं आवरून परत जावं लागणार. घरी सांगितलं तर धाकटी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "जस्ट साइन इट, मम्मा. एव्हरीवन डझ." तिला एक रट्टा द्यावासा वाटला, दिला नाही.

तपासणीला आलेली बाई माझ्यापेक्षा तरुण होती, काळा पायघोळ अबाया, हातात टॅब्लेट, बोलणं अगदी मोजकं. क्लिनिकच्या चार मुली कडक इस्त्रीत भिंतीशी उभ्या. तिने त्यातल्या एकीला सांगितलं, सात नंबरची कूस बदल. ती मुलगी यम्मांच्या पाठीत हात घालायला गेली, नेमकी जखमेवर. यम्मांच्या तोंडून आवाज आला नाही, फक्त डोळे मोठे झाले. "थांब!" मी ओरडलेच. पुढे होऊन त्यांना मी वळवलं. तपासणीवाल्या बाईने विचारलं, "ही इथे कधीपासून काम करते?" मी म्हटलं, "आज सकाळी आठपासून." मॅनेजर खोकला. त्याची लिस्ट बिनसहीची टेबलावर तशीच पडली होती. मी माझ्या हाताने लिहिलेली खरी लिस्ट तिला दिली, आणि कोऱ्या जागांचे सगळे चार्टही.

होमला लेखी ताकीद आली. माणसं भरेपर्यंत नवा पेशंट घ्यायचा नाही. चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मी मनातल्या मनात बॅगा भरत होते. पाचव्या दिवशी थोरला मालक आला आणि पहिल्यांदाच रिसेप्शन ओलांडून आत वॉर्डात आला. विचारलं, किती जणी लागतात? मी म्हटलं, दुपारी पाच, एकही कमी नको. परवा तिसरी नवी मुलगी रुजू झाली, पाच पुऱ्या झाल्या. काँट्रॅक्ट संपेल तेव्हा माझं काय करायचं ते करोत. तपासणीच्या अहवालात माझं नाव आहे, त्यामुळे तोवर मला हात लावायची कुणाची छाती नाही.

इथवर वाचून तुम्ही खूश झाला असता, म्हणूनच हे पत्र कुठे जाणार नाही याचं मला बरं वाटतंय. मागच्या वर्षीच्या तपासणीलाही अशीच लिस्ट आली होती, बाई. तिच्यावर माझी सही आहे. नावं वाचून, ओळखून केलेली. तपासणी झकास झाली, मॅनेजरने पेढे वाटले, माणसं आहेत असं कागदावर ठरलं, मग नवी कोण देणार? त्यानंतरच्या उन्हाळ्यात यम्मांच्या पाठीला जखम झाली. आता ड्रेसिंग मीच करते, रोज, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्यांच्या मुलीला वाटतं ही माझी माया आहे. काल संध्याकाळी तिने वेलदोडा घातलेली कॉफी स्वतः ओतून माझ्या हातात दिली, "शुक्रन, सिस्टर" म्हणाली, आणि मी ती प्यायले.