नकाराचा कागद

लीदे, १८ मे २००१

ती. तोरगुनताईस,
आस्लाकचा सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून लिहायला बसलोय. सोबत वकिलांचा कागद आहे. थोरली म्हणून लीदेच्या शेतावर पहिला हक्क तुझा. तो नाकारत असल्याची सही तू केलीस की शेत माझ्या नावावर होईल. मुदत पंधरा जुलैपर्यंत. तू बर्गनला शाळेत शिकवतेस, मी इथे बारा वर्षं मेंढ्या आणि सफरचंदं सांभाळतोय. त्यात विचार तो काय करायचा?

बाबांच्या अंत्यविधीपासून तुझं रडू थांबत नाही असं म्हणालीस. आई खुडायला जायची त्या उतारावरची पिवळी फुलं गेल्या उन्हाळ्यात वाळवली होती, ती डबाभर पाठवतोय. मन बुडालं की आई याचाच काढा द्यायची, आठवतं ना? दोन चमचे उकळून पी.

आणि आपली पाहुणी कशी आहे? माझ्याकडून गेलेली किडनी आहे, तेव्हा आळशी असणार. जरा कामाला लाव.

लोभ आहेच, सहीही असू दे.
तुझा आस्लाक


बर्गन, २ जून

चि. आस्लाक,
अनेक आशीर्वाद.

काढ्याने खरंच बरं वाटतंय रे. घरभर आईचा वास सुटतो. पाहुणीही मजेत आहे, सहा वर्षांत एक दिवस रजा नाही तिची.

कागद मात्र कोराच ठेवलाय. रागावू नकोस. धान्यकोठाराच्या दारावर लीदेच्या मालकांची अक्षरं कोरलेली आहेत ना, त्यात बाबांनी तुझं 'आ' कोरलं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी दहाची. छिन्नीची पेटी धरून मी शेजारी उभी होते. माझं अक्षर कुठे, असं विचारल्यावर बाबा हसले आणि पेटी नीट धर म्हणाले. कायद्याने मी वारस होते, त्यांच्या लेखी कधीच नव्हते. जे एकदाही माझं म्हणून मिळालं नाही ते मी नाकारू कसं? थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे.

जेवत जा वेळेवर. नुसतं चीज-ब्रेड म्हणजे जेवण नव्हे.
तुझी ताई


लीदे, १२ जून

ती. ताईस,
नमस्कार.

थोडे दिवस म्हणजे किती? नवी झाडं मागवायची थांबलीत, मेंढवाड्याचं छप्पर अर्ध्यावर आहे. उद्या तू हे शेत घेतलंस तर मी कुणासाठी राबतोय? वकील रोज विचारतात आणि मी मूर्खासारखा 'उद्या सांगतो' म्हणतो.

अक्षर बाबांनी कोरलं नाही, त्याची शिक्षा मला? तुला किडनी हवी होती तेव्हा मी विचार करायला महिना मागितला नव्हता. त्याच दिवशी हो म्हणालो. माझ्या अंगातलं तुला चालतं, मी चालत नाही. तसं असेल तर सरळ लिही.

आस्लाक


बर्गन, २० जून

चि. आस्लाक,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे; दवाखान्यात पडून लिहितेय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर तिला नाकारतंय. सहा वर्षांनी अचानक परकी समजायला लागलंय. सलाईनमधून जालीम औषध सुरू आहे. आठवड्यात उतार पडला नाही तर किडनी गेली, मग आठवड्यातून तीनदा मशीनवर.

किडनी टिकवायच्या गोळ्या चुकवल्या का म्हणून नर्सने तीनदा विचारलं. एकही चुकवली नाही. नवीन काही औषध घेता का, तर नाही म्हटलं. नुसता तुझा काढा. डबा सोबत आणलाय, दिवसाला चार कप झाल्याशिवाय उठवत नाही.

मला भीती वाटते. तुझ्यावर रागावून मी कागद अडवला आणि ते या शरीराने ऐकलं, असं सारखं मनात येतं. वेडेपणा आहे, कळतंय. तू दिलेली वस्तू मला सांभाळता आली नाही रे.

तुझी ताई


लीदे, २३ जून

ताई,

मायना राहू दे. माझा फोनवरचा निरोप नर्सबाईंनी दिलाच असेल, तरी लिहितो. तुझं पत्र खिशात घेऊन मेंढ्यांचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेलो होतो. भिंतीवर सूचना, सूचनेवर चित्र. आईचंच पिवळं फूल. खाली लिहिलं होतं, अवयव बसवलेल्यांनी घेऊ नये, गोळ्यांचा असर मारतं. दुकानातूनच वॉर्डात फोन केला आणि सांगितलं की मी पाठवलं. मीच.

एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, तेही वर तुला टोमणे मारून. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

आज सांक्तहान्स, भर उन्हाळ्याचा सण; गावात सगळे शेकोटीची लाकडं रचताहेत. मी कोठाराच्या दाराशी बसून 'आ'च्या वर 'तो' कोरलं. वाकडं झालंय, पण खोल आहे. कागद फाडून टाक. शेत तुझं, मी तुझ्याकडे राबेन. उद्या कोयता घेऊन तो उतार भुईसपाट करतो.

तू फक्त बरी हो गं.
आस्लाक


बर्गन, ५ जुलै

चि. आस्लाक,
अनेक अनेक आशीर्वाद.

पाहुणी राहतेय. काढा थांबला, गोळ्यांचा असर परत आला. थोडा मार खाल्लाय तिने, पूर्वीइतकी ती धावणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हट्टी आहे. म्हटलं, घराणंच तसं.

आता रडणं पुरे. काढा आईचा, पाठवलास तू, आणि नर्स विचारत असताना डबा उशाशी ठेवून नाही म्हणाले ती मी. वाटून घेऊ.

सोबत कागद आहे. सही केली, साक्षीला नर्स आणि फरशी पुसणाऱ्या बाई. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, आजारपणाला घाबरूनही नाही. दहा दिवस मी या खाटेवर लीदेची मालकीण म्हणून झोपले. दारावर माझं अक्षर आहे हे ठाऊक होतं. म्हणून आता मला 'नाही' असं म्हणता आलं.

या नकारात अट लिहायला जागा नाही, वकिलांना विचारून घेतलं. तरी मी घालतेय. तो उतार कापू नकोस. कापला असशील तर मुळं उपटू नकोस, पुढच्या वर्षी फुटतील. सांक्तहान्सला मी येईन आणि आपण नुसते बघत बसू.

अक्षर पुसू नकोस.
तुझी ताई