आबाचं बंद दार

१२ नोव्हें.
निमोण्याच्या मुकादमाने मी घडवलेला कोयता परत आणला. धारेला तीन कपचे उडालेले. "ऊस तोडला की खडी फोडली?" मी विचारले. तो म्हणे, "तुमच्या शेजारच्या आबाचा कोयता सात वर्सं झाली, हाय तसाच हाय." आणि माझ्यादेखत भिंतीपलीकडे आबा लोहाराकडे गेला.
आबाला बापाने शिकवले. मला कुणी नाही. कंपनीतली फिटरकी सुटल्यावर अकरा वर्षांपूर्वी भट्टी मांडली, एकट्याने. दोघांचा पाटा तोच, ट्रकच्या स्प्रिंगचा. कोळसा तोच. म्हणजे फरक पाण्यात.

१५ नोव्हें.
तापलेली धार आधी घोडनदीच्या पाण्यात बुडवली. मग मिठाच्या. मग जळक्या तेलात. तिन्ही कोयते बाभळीच्या ओंडक्यावर दहा-दहा घाव घालून तपासले. तिन्हींना कपचे.
म्हातारा धारेला पाणी पाजताना दार लावून घेतो. भरदुपारी. मी इथे आल्यापासून हेच.
आज भिंतीवरून म्हणालो, "आबा, आत मंत्र म्हणता का काय?"
"इचार की नीट. जीभ झिजती का तुजी?"
विचारणार नाही.

२१ नोव्हें.
आबाची सून आली. म्हाताऱ्याला मोतीबिंदू, तापल्या लोखंडाचा रंग दिसेना. "त्यांनी न्हाई, मीच बोलिवलं आसं समजा." गेलो. पाणी कुठले ते बघायला.
"रंग सांग. हात लावू नगं," आबा. दार लावले. आत अंधार. धार डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली, तसे बोललो. त्याने लगेच बुडवली. इतक्या लवकर?
पाणी हौदाचे. म्हशी पितात ते.

२२ नोव्हें.
माझ्या शेडला भिंती नाहीत. चार खांब, वर पत्रा. काल आबाकडे लागला तितकाच वेळ आज तापवले, घड्याळ लावून. उजेडात लोखंड काळेच दिसले. ते डाळिंबी दिसेपर्यंत अकरा वर्षे मी जाळत आलो. दार माझ्यापासून लपवायला नव्हतेच. रंग दिसायला होते.
आबाच्या नि माझ्या मधल्या भिंतीशी गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"
"व्हय. रोज बघत व्हतो. जाळतूय म्हनलं."
"मग बोलला का नाही?"
"इचारलंस कवा?"
हलकट.

२४ नोव्हें.
शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. मुकादमाचाच कोयता पुन्हा तापवला. बाहेर काठी वाजली.
"आत काय लपिवतूस रं?"
"विचारा की नीट, आबा. जीभ झिजते का?"
 त्याचे सहा कोयते रंगापायी अडलेत, सून सकाळीच सांगून गेली. मी हो म्हटलेले नाही.
धार डाळिंबी झाली. बुडवली. हौदाचेच पाणी. ओंडक्यावर नऊ घाव मोजले, कपचा नाही. हात थांबवला.
बाहेरून, "दहावा घाव कुठाय?"
घातला. धार बोटाने तपासली, शाबूत. काय झाले ते बोललो नाही. त्यानेही विचारले नाही. ताडपत्रीखाली काठीचे टोक दिसत होते. हे लिहितोय, अजून दिसते आहे.