मधपेटीच्या दारातली गर्दी

२ फेब्रुवारी
दादा-वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेले. मागचं अंगण, अंगणाची किल्ली आणि वहिनींची मधपेटी माझ्या ताब्यात. जाताना वहिनी म्हणाल्या, भाऊजी, पेटी सारखी उघडू नका, मध काढू नका. फुलं संपली की साखरपाणी द्या, पण संध्याकाळी आणि पेटीच्या आत. बाहेर थेंब सांडू देऊ नका. हे तीनदा सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून चौथ्यांदा. शिकलेल्या माणसाला एकदा पुरतं.
बायको म्हणाली, लिहून घ्या. म्हटलं, डोक्यात आहे. म्हणाली, म्हणूनच म्हणतेय.

५ फेब्रुवारी
पांढरा पोशाख आला. जाळीची टोपी, कोपरापर्यंत हातमोजे. आरशात पाहिलं. साक्षात अंतराळवीर. बायकोच्या मते मच्छरदाणी घर सोडून निघालीय.

९ फेब्रुवारी
पेटी उघडली. कालही, परवाही. निरीक्षण हा शास्त्राचा पाया आहे. अंगणामागच्या शेतात मोहरी आणि सूर्यफुलं ऐन बहरात, माश्या पायांना पराग लावून येतात. राणी काही दिसली नाही. लाजाळू असावी.
वहिनींचा फोन. पेटी उघडत नाही ना? म्हटलं, छे. खोटं नाही. फोन चालू होता तेव्हा पेटी बंदच होती.

२१ फेब्रुवारी
मधपाळांच्या ग्रुपवर सामील झालो. पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गच्चीवर दोन पेट्या आहेत. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, या दिवसांत पेटी किती वेळा उघडावी? सविस्तर उत्तर दिलं. खाली तीन अंगठे आले. त्यातला एक माझा.

६ मार्च
मध काढला. काढू नका म्हणाल्या होत्या, मान्य. पण इतका साठेल हे त्यांना तिकडे बसून काय माहीत? परिस्थितीनुसार निर्णय घेतो तो कर्ता. सगळा काढला नाही. पोळ्याच्या दोन चौकटी माश्यांसाठी ठेवल्या.

संध्याकाळी: एक ठेवली.

९ मार्च
ऑफिसात बाटल्या वाटल्या. लेबल: ‘आमच्या मधुवनातून’. साहेब म्हणाले, तुमच्यात काही गुण आहे हे इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नाही. वाक्य घरी येईपर्यंत गोड लागत होतं. जिन्यात मनात दुसऱ्यांदा ऐकू आलं, तेव्हा जरा कडवट लागलं.

२८ मार्च
फुलं संपली. सूर्यफुलांनी माना टाकल्या, मोहरी कापून नेली. माश्या पेटीच्या दारात बसून असतात, संपावरच्या कामगारांसारख्या. साखरपाण्याची वेळ झाली. पण भांडं आत ठेवायचं तर पेटी उघडावी लागते, आणि हल्ली उघडली की चिडतात. शिवाय संध्याकाळी मी दमलेला असतो. सुवर्णमध्य: भरदुपारी, पेटीच्या पायाशी, मोठी परात भरून. कोणी उपाशी राहायला नको. आपला हात सढळ आहे.

२९ मार्च
चमत्कार! काल दारात शंभरएक माश्या होत्या, आज तोबा गर्दी. दारातून, झाकणाच्या फटीतून, जागा मिळेल तिथून आत घुसतायत. एवढी लोकप्रियता वहिनींच्या काळात नव्हती. व्हिडिओ ग्रुपवर टाकला: ‘दुष्काळातही भरभराट. फक्त नियोजन!’
डॉक्टरांनी लिहिलं, नवल आहे, या दिवसांत माझ्या पेट्याही जड व्हायला लागल्यात, फुलं तर कुठेच नाहीत. मी लिहिलं, माझे मेसेज मन लावून वाचत असणार तुम्ही.

३० मार्च
सकाळी पेटीपुढच्या मेलेल्या माश्या झाडून काढल्या. सूपभर निघाल्या. वयोमान. तेवढ्यात वहिनींचा फोन. राहवलं नाही, गर्दीचं वर्णन केलं. वहिनींनी मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, भाऊजी, दारात मारामारी दिसते का? मेलेल्या पडल्यात का? बाहेर काही गोड ठेवलंत का? तसं असेल तर दुसऱ्यांच्या माश्या आपली पेटी लुटायला आल्यात. पहिलं ते गोड उचला, दार एका बोटाएवढं करा, वर ओलं फडकं टाका. आत्ताच्या आत्ता.
केरसुणी माझ्या हातात होती. परात समोर. म्हटलं, छे हो वहिनी, सगळं कसं शांत आहे.
म्हणाल्या, मग ठीक. तुम्ही आहात म्हणून मी इथे निवांत आहे.
हो म्हणायला काय जात होतं? पण परात कबूल केली की मध निघाला असता, मधामागून बाटल्या, बाटल्यांमागून साहेब.
परात उचलली. दार लहान करणारच होतो, पण पोशाख धुवायला टाकलेला. उद्या नक्की.

१ एप्रिल
पोशाख वाळला. अंगणात गेलो. माशी नाही. झाकण उघडलं. पोळी फाटलेली, तळाशी मेणाचा भुगा, कोपऱ्यात मूठभर माश्या, त्याही हलेनात. झाकण लावलं.
जागा आवडली नसेल. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं.
बायकोने काही विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा तिला कळलेलं असतं.

१४ एप्रिल
दादा-वहिनी आले. वहिनी पाणीही न पिता अंगणात गेल्या. झाकण काढलं, भुगा चिमटीत घेतला, हातावर चोळला. म्हणाल्या, लुटली.
मी सुरुवात केली, हल्लीचं हवामान...
म्हणाल्या, हो, ऊन फार कडक आहे यंदा.
माझी थाप त्यांनीच पुरी केली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

१९ एप्रिल
डॉक्टर घरी आले. कुठूनसं कळलं होतं. आल्या आल्या हात जोडून वहिनींना म्हणाले, माझ्याच माश्या होत्या हो, तुम्हाला तोंड कसं दाखवू? माझ्या पेट्या नुसत्या उतू चालल्यात. अर्ध्या माश्या घ्या, अंड्यांच्या चौकटीसकट.
वहिनी म्हणाल्या, अहो, माश्यांना काय कळतं? आणि तुमचं कसलं चुकलं? चुकलं ते माझंच. भाऊजींना मी नीट सांगून गेले नाही.
मी तिथेच बसलो होतो. एक वाक्य बोलायला पुरेल एवढी जागा मध्ये राहिली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. मी चहाचा कप तोंडाला लावला. रिकामा होता. तरी प्यालो.

२० एप्रिल
दिवस मावळताना डॉक्टरांकडून नवी वसाहत आणली. मी पोशाख घालून तयार होतो, टोपीसकट. वहिनी म्हणाल्या, राहू द्या भाऊजी, तुम्ही फाटक धरा फक्त.
धरलं. वहिनी आणि डॉक्टर पेटी घेऊन आत गेले, जागेवर ठेवली, दार बोटभर केलं. हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मग घरात गेले, दिवा लागला.
फाटक सोडा असं कोणी म्हणालं नाही. बराच वेळ धरून उभा होतो.