इंगळे मोटार वर्क्स, बडनेरा रोड

अमरावती,
ता. ११ डिसेंबर १९६०

चि. सौ. शकुन हिस देवमनचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझं पत्र पावलं. माय बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते थंडीचं आहे.

गॅरेजची हकीकत विचारलीस. शेडवर नवे टिन घातले. आता एका वेळी तीन गाड्या आत उभ्या राहतात. हाताखाली चार माणसं आहेत. कापसाचा हंगाम चालू आहे. दर्यापूरकडच्या शेठचे सहाही ट्रक आता माझ्याकडेच येतात. धंदा कसा वाढला म्हणून जावईबापूंनी विचारलं होतं. त्यात गुपित काही नाही. निघालेला जुना पार्ट मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि काय झिजलं ते दाखवतो. गाडीत बिघाड नसेल तर नाही म्हणून सांगतो आणि गाडी परत पाठवतो. फौजेच्या वर्कशॉपात मी एवढंच शिकलो.

पाटी पावसाळ्यातच लागली. रंगाऱ्यानं दोनदा विचारलं की नाव हेच लिहू का. विदर्भ मोटार वगैरे लिहिलं तर मालक कोणत्या समाजाचा म्हणून कोणी विचारणार नाही, असं त्याचं म्हणणं. तो भल्यासाठीच बोलत होता. मी म्हटलं, इंगळे लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही. पहिले तीन महिने लोक पाटी वाचून पुढच्या गॅरेजला जात. आता तिथून परत माझ्याकडे येतात.

बाकी ठीक. जावईबापूंना जयभीम. मायेत खंड नसावा.

तुझा दादा,
देवमन

---

अकोला,
ता. १९ डिसेंबर १९६०

ती. दादास शकुनचा सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं. पत्र कसलं, गाडीच्या कामाची यादीच ती. टिन, पार्ट, गुडघे, सगळं एकाच सुरात. आमच्या चौथीच्या पोरी सहलीचं वर्णन याहून रंगवून लिहितात. पण हे म्हणतात की तुझं पत्र दोनदा वाचावं लागत नाही, एवढं बरं आहे.

पाटीचं वाचून मला फार बरं वाटलं. मी ते शाळेत कोणाला सांगितलं नाही. मग राहवलं नाही, म्हणून दोघींना सांगितलं.

मायला उन्हाळ्यात इकडे पाठव. तू वेळेवर जेवत नाहीस, असं तिनं शेजारणीकडून लिहवून कळवलं आहे. तेव्हा खोटं लिहू नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी बहीण,
शकुन

---

अमरावती,
ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. सौ. शकुन हिस सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्राला उशीर झाला. गेल्या गुरुवारी शेठचा एक ट्रक दर्यापूरच्या पुढे रस्ता सोडून नाल्यात गेला. वर कापूस आणि दोन मजूर होते. एकाचा हात मोडला, दुसऱ्याला खरचटलं. ड्रायव्हर रामराव तेल्हाऱ्याचा. त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली. त्याला तिकडे अकोल्याला इस्पितळात ठेवलं आहे. तो स्टिअरिंगवर झोपला असं पोलिसांनी लिहून घेतलं. शेठनं त्याला कामावरून काढलं. खटलाही होईल.

ट्रक ओढून माझ्याकडे आणला आहे.

तुला जमलं तर रामरावला एकदा पाहून ये. दोन संत्री ने. माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल.

देवमन

---

अकोला,
ता. २७ फेब्रुवारी १९६१

ती. दादास सप्रेम जयभीम.

वि. वि. काल रविवारी जाऊन आले. रामरावचा पाय वर टांगून ठेवला आहे. बायको जाईबाई उशाशी बसून होती. माझ्यासमोरच ती नवऱ्याला बोलत होती की दोन लेकरांचा बाप, तुले डोया लागतेच कसा. मी संत्रं सोलून दिलं तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, बाई, माहा डोया नोता लागला. मी चाक फिरवून राहिलो होतो, पन गाडी वयेच ना. हे त्यानं पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, शेठच्या मुनिमाला सांगितलं. सगळे हो हो म्हणतात आणि निघून जातात.

दादा, तू आजवर कोणाला पाहून यायला मला सांगितलं नाहीस. स्वतःच्या मावशीलाही नाही. ट्रक तुझ्याकडे आहे. चाक फिरवूनही गाडी का वळली नाही, ते तुला दिसलं असेल. काय दिसलं ते कळव.

शकुन

---

अमरावती,
ता. ४ मार्च १९६१

चि. सौ. शकुन हिस सप्रेम जयभीम.

वि. वि. विचारलंस म्हणून लिहितो.

स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडे जातात. ते जिथे जोडतात तिथे नट असतो, आणि नट फिरून निघू नये म्हणून दांड्याच्या टोकाला असलेल्या भोकातून एक पिन घालून वाकवतात. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी असते. त्या ट्रकचं हे काम अपघाताच्या दोन दिवस आधी मी केलं. माणसांनी नाही, मी. नट आवळला आणि तेवढ्यात एका डॉक्टरांची मोटार दारात बंद पडली म्हणून उठलो. परत आलो तोवर पोरांनी ट्रक जॅकवरून उतरवला होता. सगळं पाहिलं ना, असं रामरावनं मला विचारलं. मी हो म्हणालो.

ट्रक ओढून आणला त्या दिवशी मी खाली गेलो. नट नव्हता. पिन तुटली असती तर भोकात तिचा तुकडा राहिला असता. भोक साफ होतं. पिन मी घातलीच नव्हती.

हे दुसऱ्या कोणाला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. मायला सांगितलं. ती म्हणते, चूप राय. आपल्या मानसाची एक पाटी या रोडवर लागली, थे आपल्याच हातानं काहून उतरवतं? तिचं चूक नाही. दुसऱ्या मिस्त्र्याची चूक झाली तर लोक म्हणतील, मिस्त्री चुकला. माझी झाली तर काय म्हणतील ते तुला माहीत आहे. चार घरं या शेडवर जेवतात.

सोळा दिवस झाले. रोज गॅरेज उघडतो.

देवमन

---

अकोला,
ता. ७ मार्च १९६१

ती. दादास सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्र यांना दाखवलं नाही. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तू मोठा आहेस आणि पाटी तुझी आहे.

येत्या रविवारी मी इस्पितळात जाणार आहे. मी येईन असं त्या बाईला सांगून बसले आहे. रामराव पुन्हा तेच सांगेल की गाडी वळत नव्हती. त्यावर मी काय बोलू, तेवढं कळव. शनिवारपर्यंत पत्र पोहोचेल असं टाक.

शकुन

---

अमरावती,
ता. ९ मार्च १९६१

चि. सौ. शकुन हिस सप्रेम जयभीम.

वि. वि. आज सकाळी ठाण्यात जाऊन लिहून दिलं. फौजदार वैतागले. कागद पूर्ण झाले होते. पुन्हा पुन्हा विचारलं की तुला कोणी दम दिला का. नाही म्हटलं. तिथून शेठकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणीही विचारलं नाही.

रविवारी तू काही बोलू नकोस. मी सकाळच्या गाडीनं येतो. रामरावला मीच सांगतो.

देवमन

---

अकोला,
ता. १५ मार्च १९६१

ती. दादास सप्रेम जयभीम.

वि. वि. त्या दिवशी तू वॉर्डातून बाहेर आलास आणि सरळ स्टेशनकडे निघालास. मी भाकरी करून ठेवली होती. हे तुझ्यामागे पुलापर्यंत आले, पण तू वळून पाहिलं नाहीस.

तू गेल्यावर मी आत गेले. रामराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं तुला काय म्हटलं ते मी विचारलं नाही, तूही सांगू नकोस. जाईबाई मात्र बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. मला वाटलं, ती आता शिव्या देईल, आणि मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, महिनाभर मीच याले झोपला म्हनून बोल लावला. थे बोलनं आता वापस कसं घेऊ? मग बराच वेळ रडली.

माय रागावली असेल. तिला म्हणावं, शकुनवर राग काढ.

शकुन

---

अमरावती,
ता. ६ ऑगस्ट १९६१

चि. सौ. शकुन हिस सप्रेम जयभीम.

वि. वि. निकाल लागला. रामराव सुटला. निष्काळजीपणाबद्दल मला दंड झाला, तो भरला.

शेठचे ट्रक गेले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. चारपैकी दोन माणसांना दुसरीकडे काम पाहून दिलं. एका सकाळी पाटीवर डांबर फासलेलं होतं. रॉकेलनं पुसून काढलं. थोडे डाग राहिले, पण नाव वाचता येतं. लोक जे म्हणतील असं मायला वाटलं होतं, ते म्हणाले. तोंडावर म्हणणारे दोघेच होते.

आता माझ्याकडे नियम केला आहे. ज्यानं काम केलं त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. माझं काम उरलेल्या दोघांतला शेषराव तपासतो. त्याला सुरुवातीला लाज वाटे. आता तो मला दोनदा खाली पाठवतो.

माय पाच महिने माझ्याशी मोजकंच बोलली. काल तिनं डबा बांधून दिला.

देवमन

---

अमरावती,
ता. १८ नोव्हेंबर १९६२

चि. सौ. शकुन हिस सप्रेम जयभीम.

वि. वि. तू हल्ली काही विचारत नाहीस, म्हणून मीच लिहितो. काम पुन्हा पुरेसं आहे. शेजारची जागाही घेतली. शेठचे ट्रक आले नाहीत, पण त्यांच्या जावयाची जीप येते. या वर्षी पाच माणसं आहेत.

मंगळवारी दुपारी एक ट्रक दारात उभा राहिला. रामराव उतरला. डावा पाय किंचित ओढतो. तेल्हाऱ्याच्या दुसऱ्या मालकाकडे पुन्हा गाडी चालवतो आहे. मला वाटलं, वाट चुकला. त्यानं पुढच्या चाकाचं काम सांगितलं आणि दोन तास तिथेच उभा राहिला. काम झाल्यावर शेषरावनं तपासलं, मग रामराव स्वतः जमिनीवर आडवा होऊन खाली गेला. तो पाय घेऊन त्याला सोपं नव्हतं. मी हात दिला नाही. घेतला नसता.

निघताना मी विचारलं की तेल्हाऱ्याहून अमरावतीपर्यंत मधे इतकी गॅरेजं आहेत, तर माझ्याकडे काहून आला. तो म्हणाला, चुकते त सारेच. पन दुसऱ्याच्या हातून चुकलं त थो सांगनार हाय का? तुनं सांगतलं.

आवाजात गोडवा नव्हता. मी चहा मागवला. तो नको म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

जावईबापूंना जयभीम. आपलेपणा आहे तसाच असू द्या.

तुझा दादा,
देवमन