देव कार्ड पाहून हसला

आदरणीय थांगदादा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वेन-छिंगचा, ताइनानहून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? शिंचूचा वारा अजून टोप्या उडवतो ना? (थांबला असेल तर शहरच बिघडलं असं समजा.) आम्ही दोघं ठणठणीत आहोत. बिघडलंय ते संगणकाचं नेटवर्क कार्ड, निदान मला तरी तसं वाटतं. तुमची उभी नोकरी असली कार्डं बनवण्यात गेली, म्हणून तुम्हाला त्रास देतो.

दर रविवारी सकाळी आमची श्यांग-यिन व्हँकुव्हरहून पडद्यावर येते. नातू दात दाखवतो, जावई हात हलवतो, सगळं झकास चालतं. आणि तिनं "मग बाबा, इकडं कायमचे राहायला कधी येताय?" असं विचारलं, की चित्र गोठतं. नेमकं तेव्हाच! (आमच्यासाठी खोलीही रंगवून ठेवलीय म्हणे. रंग कोणता ते अजून कळलेलं नाही, बोलणं तिथवर पोचतच नाही.) तुमची बहीण बी-यू लगेच म्हणते, "कार्ड गेलं वाटतं," आणि चहा ठेवायला उठते.

मग मी दुकानं धुंडाळली. पहिला म्हणाला, मोठ्या कंपनीतून काढलेलं जुनं कार्ड घ्या, घोड्यासारखं चालेल. दुसऱ्यानं त्या घोड्याला गाढव ठरवून नवं, वेगवान कार्ड पुढं केलं. (ते तापतं. मग पंखा घ्या. मग पंख्याचा आवाज.) तिसऱ्या दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, महागडं घ्या, पण खोकं नीट बघा, नकली फार आलीत." खोकं मी तासभर बघितलं. ते खोक्यासारखंच दिसत होतं. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी नापसंत पडल्यास परत या बोलीवर तिन्ही आणली आणि गल्लीतल्या भूमिदेवापुढं संत्र्यांशेजारी मांडली. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून कौल लावला. एक चंद्रकोर उताणी, एक पालथी पडली असती तर ते कार्ड पक्कं. पण पहिल्यालाही दोन्ही उताण्या, दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही! म्हणजे देव कौल न देता नुसता हसत होता, दादा. देवळात झाडलोट करणाऱ्या काकू मला म्हणाल्या, "लू मामा, तो उगाच हसत नाही. उत्तर घरातच असेल, घरी जाऊन शोधा." घरी मी कपाटसुद्धा उपसलं. तेव्हा विश्वासू कार्ड कोणतं, एवढं तुम्हीच सांगा.

तुमचा गोंधळलेला,
वेन-छिंग

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि रविवार उजाडला. महागडं कार्ड बसवलं होतं. लेकीनं तोच प्रश्न विचारला, चित्र तसंच गोठलं. चष्मा पडला म्हणून मी टेबलाखाली वाकलो, तर तिथं तुमच्या बहिणीचा पाय, आणि अंगठ्यात पकडून उपसलेली नेटची वायर! ती रडायला लागली. "पोरीला तोंडावर नाही कसं म्हणू? आणि हे घर, हा बाजार, माझ्या मैत्रिणी सोडून जाऊ तरी कशी? तुम्हाला मात्र जायचंय." मी म्हटलं, "मला? अगं, मला वाटलं तुलाच जायचंय!" मग मीही रडलो. चहा उकळून आटला.

आणखी एक. विश्वासू कार्डाचं राहू द्या. नातू पोटभर दिसेल आणि तो प्रश्न आला की आपोआप बंद पडेल, असं एखादं बेभरवशाचं कार्ड असेल तर लवकर पाठवा. तुमच्या बहिणीच्या पायात गोळे येतात, आणि माझा पाय वायरीपर्यंत पोचत नाही.