वऱ्हाडाची होडी

आप्पा, काल नदीवर गेले होते. होड्या आता नाहीत, पूल झालाय. पुलावर उभी राहिले आणि काकांचं लग्न आठवलं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये वायरमन. तिथून सुटणाऱ्या पाण्यामुळं आपली नदी वैशाखातही भरलेली, आणि काकांची नवरी पलीकडच्या गावची. पत्र्याच्या होडीवर ट्यूबलाइट लावून वऱ्हाड न्यायचं, हे काकांच्या डोक्यात बसलं. मंडपवाल्याकडं इन्व्हर्टर होता, ट्रकच्या बॅटरीवर ट्यूबा पेटवणारा जड डबा. स्वयंपाकघरात जेवताना हे ऐकून तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "बॅटरीचं भ्या नाय रं. पन त्या डब्यातनं निघती ती घरातल्यासारखीच वीज. मानूस मारती. खाली पानी, होडी लोखंडाची. नाय." काका हसले. "दादा, तू हायस ना संगं?" आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही खाली ठेवलेला घास उचललात आणि म्हणालात, "बरं."

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही होडीत डबा उंच फळीवर ठेवता, वायरींचे जोड स्वतः गुंडाळता, बॅटरीपाशी बसता. होडी गळकी, तळाशी पाणी साचलेलं. वाजंत्री चढतात आणि बसायला जागा हवी म्हणून त्यांच्यातला कुणीतरी डबा उचलून खाली, त्या पाण्यातच ठेवतो. तुम्ही ओरडता, "थांबा रं! पयलं बंद करतो." पण होडी सुटलेली असते, आणि काका म्हणतात, "अंधारात नवरा नेतोस व्हय? पोचलोच की." बॅटरीच्या वायरीवर गेलेला तुमचा हात मागं आला. मी समोरच बसले होते.

होडी डुलली. तोल सावरायला अनवाणी काकांनी बांबूंवर आडवा बांधलेला ट्यूबांचा लोखंडी पाइप धरला, आणि हात सुटेना. त्यावरची वायर घासून सोलली होती, हे नंतर कळलं. तोंडातून आवाज नाही, मुंडावळ्या तेवढ्या थरथरत होत्या. एकजण त्यांना धरायला धावला. त्याला तुम्ही ढकलून दिलंत आणि बॅटरीची वायर उपसलीत. अंधार झाला. काका कोसळले.

वाचले ते. लग्न पुढं ढकलून लागलं, हार त्यांनी डाव्या हातानं घातला. उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. विळा धरता येईना, म्हणून दर कापणीला ड्यूटी संपवून तुम्ही आधी त्यांचं भात कापायचात. काका बांधावरून म्हणायचे, "दादा, पुरं रं आता." तुम्ही मान वर करत नव्हतात. एकदा मी म्हटलं, "आप्पा, तुमी तर नाय म्हनाला होतात." केवढे चिडलात माझ्यावर! "नाय म्हनून मंग होडीत बसलोच ना? त्या नाय म्हनन्याचं काय लोनचं घालू?"

काकांनी तुम्हाला कधी बोल लावला नाही. आता तुमच्यामागं तेही गेले. मी सगळ्यांना सांगते, आप्पांनी भावाचा जीव वाचवला. ते खोटं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते: हात मागं घ्यायला नको होता तुम्ही. पण तुमच्या जागी मी असते, तर मीही घेतलाच असता.